ऐंशीला एक कमी

दाक्षायणी भांडत नाही, ही नीलांबिकाबाईंची काळजी होती. बाकीच्या काळज्या त्यांनी एकेक करून निकालात काढल्या होत्या. मुलीला तेविसावं सरलं तरी लग्न नाही, यावर नातेवाइकांनी दर सणाला तोंड वाजवून घेतलं आणि शेवटी तेच दमले. मुंबईत एकटी राहते म्हणावं तर होस्टेलच्या बाई पोलिसापेक्षा कडक. खाण्याची आबाळ होते म्हणावं तर दर महिन्याला इथून कडक भाकऱ्यांचा आणि शेंगाचटणीचा डबा जातच होता. ही एक काळजी मात्र पायात रुतलेल्या कुसळासारखी होती. कामात असलं की विसरायला व्हायचं, जरा बसलं की टोचायचं.

पोरगी भित्री नव्हती. नऊ वर्षांची असताना वळसंगच्या शेतात नांगी वर केलेला विंचू तिने चिमट्यात धरून बाहेर टाकला होता. पण आपलं उत्तर आणि दुसऱ्याचं उत्तर वेगळं आलं, की ती आपलं खोडायची. चौथीत असताना हौदाचं एक गणित होतं. दोन तोट्या भरणाऱ्या, एक रिकामा करणारी. दाक्षायणीचं उत्तर आलं सहा तास, पुस्तकामागचं छापील उत्तर होतं आठ. संध्याकाळी नीलांबिकाबाईंनी पाटी पाहिली, तर पोरीने मधल्या पायऱ्या वाकवून वाकवून आठ आणले होते. त्यांनी स्वतः गणित सोडवलं. सहाच येत होते. पुस्तक चुकलं होतं.

"मग सहा का खोडलेस गं?"

"छापलंय ना, अव्वा," दाक्षायणी म्हणाली.

नीलांबिकाबाई बार्शीच्या मास्तरांची मुलगी, पुण्याला कॉलेजात राहून इंटरपर्यंत शिकलेली. त्यांनी त्या दिवशी पुस्तकातल्या आठावर शाईने काट मारली आणि शेजारी सहा लिहून पुस्तक शाळेत पाठवलं. मास्तरांनी कौतुक केलं. मुलगी मात्र आठवडाभर त्या पानाकडे अपराध्यासारखी बघत होती.

दाक्षायणीचे वडील ईश्वरप्पा सोलापूरच्या मिलच्या स्पिनिंग खात्यात सूत तपासायचे. सुताचा नंबर, एका इंचात पीळ किती, ताण किती सोसतं, हे यंत्रावर बघून वहीत उतरवायचं, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. मिलमधले त्यांना मास्तरच म्हणत. त्यांचं अक्षर टाइपासारखं होतं आणि त्यांच्या वहीत कुणाला कधी चूक सापडली नव्हती. घरात तर म्हणच पडली होती, अप्पांच्या हातून आकडा चुकत नाही. दाक्षायणीचं गणितही त्यांच्याकडूनच आलं असं सगळे म्हणत, आणि नीलांबिकाबाई ते ऐकून घेत.

मुंबईला एम.एस्सी.ला गेल्यावर दाक्षायणीचं पत्र आलं, की सरांनी तिला स्पिनवर संशोधन दिलं आहे. ईश्वरप्पांनी पत्र दोनदा वाचलं, घडी करून कोटाच्या खिशात ठेवलं आणि पहिल्या पाळीच्या भोंग्याआधीच मिलमध्ये पोचले. दुपारपर्यंत साऱ्या खात्यात झालं, मास्तरांची पोरगी मुंबईत स्पिनिंगवर शोध लावतेय. विणकाम खात्याचे इमामसाब मुद्दाम जिना चढून आले. "क्या मास्तर," ते म्हणाले, "पोरगीबी स्पिनिंगलाच धाडली? आमच्या मागावाल्यांनी काय पाप केलं होतं?" ईश्वरप्पांनी त्यांना पेढा दिला आणि वर ऐकवलं, की सूतच नसलं तर तुम्ही काय हवा विणणार की काय.

दिवाळीला दाक्षायणी आली. वडिलांनी पहिला प्रश्न केला, कितव्या नंबरच्या सुतावर काम आहे. तिला काय झालंय ते तत्काळ कळलं, पण तिने सांगितलं नाही. दोन दिवस ती वडिलांबरोबर मिलमध्ये हिंडली, सूत कातायच्या नव्या चात्या बघितल्या, इमामसाबांच्या मुबारक्या घेतल्या. तिसऱ्या दिवशी नीलांबिकाबाईंनीच तिला खोदून विचारलं, तेव्हा खरं बाहेर पडलं. तिचा स्पिन सुताचा नव्हता, इलेक्ट्रॉनचा होता.

ईश्वरप्पांनी खिशातलं ते पत्र काढून पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, "म्हंजे इलेक्ट्रॉनलाबी पीळ असतो म्हण की."

तसा फिरत नाही अप्पा, नाव तेवढं पडलंय, असं दाक्षायणी म्हणाली. पण दोनच तऱ्हा असतात, एक वरचा, एक खालचा. वरचा आणि खालचा एका घरात सुखाने राहतात, दोन वरचे राहत नाहीत. ईश्वरप्पांना हे लगेच पटलं. एकेरी सूत सैल सोडलं की स्वतःभोवती वळ्या घेतं, तीच दोन सुतं उलट्या अंगाने पिळून जोडली की शांत पडून राहतात, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. मिलमध्ये त्यांनी बातमी दुरुस्त केली नाही. पीळ तो पीळच, असं त्यांचं मत पडलं.

गेल्या उन्हाळ्यात, म्हणजे सदतीस सालच्या मे महिन्यात, दाक्षायणी कागदांचा गठ्ठा घेऊन घरी आली. तेव्हा नीलांबिकाबाईंनी काम नीट समजून घेतलं. हायड्रोजनच्या दोन अणूंची जोडी असते. तिसरा अणू येऊन आदळतो, जुनी जोडी सुटते आणि नवी जुळते. मधल्या घटकेला तिघे एका ओळीत असतात. इलेक्ट्रॉनही तीन, दोन वरच्या पिळाचे आणि एक खालच्या पिळाचा. आता कोणता इलेक्ट्रॉन कोणाचा हे विचारण्यात अर्थ नाही, कारण ते एकमेकांपासून ओळखू येत नाहीत.

"धोतर बघताना कोणता धागा कुठला असं कोण विचारतं," दाक्षायणी म्हणाली होती. "कुठे किती दाट आहे ते बघतो. आणि इथल्या दाटपणाचा तिथल्याशी संबंध काय ते बघतो."

त्यासाठी तिने कोष्टकं मांडली होती. तीन ओळी, तीन रकाने. प्रत्येक मांडणीला दोन कोष्टकं, एक वरच्या पिळाचं, एक खालच्या पिळाचं. अणू जवळजवळ असण्यापासून लांब लांब जाईपर्यंत एकतीस मांडण्या. डावीकडून उजवीकडे तिरकं उतरणाऱ्या तीन आकड्यांची, म्हणजे कर्णाची, बेरीज करायची. वरच्या पिळाच्या कोष्टकात ती दोन यायला हवी, खालच्यात एक, कारण इलेक्ट्रॉनच तेवढे. आणि दुसरी खूण अशी, की कोष्टकाला त्याच कोष्टकाने गुणलं तर तेच कोष्टक परत यायला हवं.

"म्हणजे चाळलेलं पीठ," नीलांबिकाबाई ज्वारीचं पीठ चाळता चाळता म्हणाल्या. "त्याच चाळणीतून पुन्हा चाळलं तर तेवढंच राहतं."

दाक्षायणी हसली. पुढे तिने सरांनाही हीच चाळणी सांगितली आणि सरांनी ती वर्गात वापरली, असं पत्रात आलं.

ही कोष्टकं काढायची रूढ रीत लांबलचक होती. दाक्षायणीने स्वतःची एक जवळची वाट शोधली होती. सरांना ती आवडली, पण एक शंका होती. अणू जवळ असताना ही वाट चालेल, लांब गेले की तुटेल, असं त्यांना वाटायचं. दाक्षायणीला ती तुटणार नाही असं वाटत होतं. जन्मात पहिल्यांदाच तिला दुसऱ्याच्या उत्तराविरुद्ध काही वाटत होतं, आणि नीलांबिकाबाईंनी त्यावर मनातल्या मनात गूळखोबरं वाटलं होतं.

सगळी आकडेमोड मिलच्या जुन्या कागदांच्या पाठीवर, खाडाखोडीत झाली होती. ती सुवाच्य उतरवून मुंबईला न्यायची होती. एकविसाव्या मांडणीपर्यंत दाक्षायणीने स्वतः उतरवलं. मग अक्कलकोटला मावशीच्या मुलीचं लग्न निघालं आणि ती दोन दिवस तिकडे गेली. ती यायच्या आत उरलेल्या दहा मांडण्या उतरवून ठेवायच्या, असं घरातल्या दोघांनी ठरवलं. दारं लावून, वाळ्याचा पडदा भिजवून, दोन दुपारी दोघं बसली. नीलांबिकाबाईंनी वाचलं, ईश्वरप्पांनी लिहिलं. दाक्षायणी परत आली तेव्हा टाइपासारख्या अक्षरातले दहा कागद तिच्या ट्रंकेवर ठेवलेले होते. खाडाखोडीचे कागद माळ्यावरच्या पेटीत गेले.

आणि आता, संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठून पंधरा दिवस झाले असताना, गुरुवारी दुपारच्या टपालाने तिचं पत्र आलं होतं.

पत्र शांत होतं, म्हणूनच नीलांबिकाबाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. तिने लिहिलं होतं, की सरांच्या सांगण्यावरून तिने सगळी कोष्टकं चाळणीतून काढली. एकवीसपर्यंत बसतात, बावीसपासून बसत नाहीत. नमुना म्हणून बाविसाव्या मांडणीचं खालच्या पिळाचं कोष्टक दिलं होतं. कर्णावर ०.३१८९, ०.४४०२ आणि ०.२४१९, बेरीज एक यायला हवी ती १.००१० येते. अप्पांचं अक्षर इतकं स्पष्ट आहे की वाचण्यात चूक नाही. "चोविसावी कशी कोण जाणे बसते, पण बाकीच्या नाहीत. सरांचंच खरं होतं, माझी वाट लांबवर टिकत नाही. मी चुकले. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता त्यांना चिठ्ठी देणार आहे, की माझी रीत काढून टाकते आणि प्रबंधही मागे घेते. सोलापूरच्या मुलींच्या शाळेत विज्ञानाची जागा आहे असं तू म्हणाली होतीस ना?"

पुन्हा छापील आठ, नीलांबिकाबाईंच्या मनात आलं. पुन्हा सहा खोडायला निघाली.

त्यांनी पत्र तिसऱ्यांदा वाचलं आणि एका वाक्यापाशी थबकल्या. चोविसावी बसते. दोरी झिजून तुटायला लागली तर पुढे पुढे आणखी तुटत जाते. बाविसाव्या हाताला तुटली, चोविसाव्याला सांधली, पंचविसाव्याला परत तुटली, अशी दोरी त्यांनी पाहिली नव्हती. दाक्षायणीच्या हे ध्यानात यायला हवं होतं. पण चूक आपलीच हे एकदा ठरवलं, की ती पुढे बघायची नाही.

त्यांनी पदर खोचला, शिडी लावली आणि माळ्यावरून पेटी खाली घेतली. बाविसावा कागद सापडायला अर्धा तास गेला. खालच्या पिळाचं कोष्टक, तिरकी ओळ. दाक्षायणीच्या घाईच्या हाताने लिहिलेले तीन आकडे होते ०.३१७९, ०.४४०२, ०.२४१९. त्यांनी बेरीज केली. एक. बरोबर एक, चारही शून्यांनिशी.

एकच आकडा वेगळा होता. कागदावर एकोणऐंशी, पत्रात एकोणनव्वद.

म्हणजे उतरवताना चुकलं. अप्पांच्या हातून. हे त्यांच्या मनाला पटेना. बरं, घाईत एखादा आकडा सुटला म्हणावा, तर नऊ मांडण्या बिघडल्या होत्या. त्यांनी चोविसावा कागद शोधून काढला. चाळणीतून सुखरूप गेलेली तेवढी एकच मांडणी. मे महिन्यात वाचला होता तसाच, दोन दोन आकड्यांच्या जोड्या करून, त्यांनी तो मोठ्याने वाचला. पंचवीस, बारा. सदतीस, चाळीस. सदतीस, अठ्ठेचाळीस. मग बाविसावा वाचला. एकतीस, एकोणऐंशी. चव्वेचाळीस, शून्य दोन. चोवीस, एकोणीस.

एकोणऐंशी म्हणताना त्यांना ती दुपार आठवली. ईश्वरप्पांनी टाक थांबवून विचारलं होतं, "ऐंशी की?" आणि त्या जरा चिडूनच म्हणाल्या होत्या, "एकोण ऐंशी." पुढे त्यांनी विचारलं नाही.

ईश्वरप्पांची शाळा कानडी होती. कानडीत आधी दहाई येते, मग वरचा आकडा. एप्पत्तोंबत्तु म्हणजे सत्तरावर नऊ, तेच एकोणऐंशी. एंबत्तोंबत्तु म्हणजे ऐंशीवर नऊ, ते एकोणनव्वद. ऐंशी कानावर आलं आणि त्याच्या आधी एकोणिसातल्यासारखं एकोण, म्हणजे नऊ, आलं, की कानडी हात ऐंशीवर नऊ लिहून मोकळा होणार. एकोणीस साऱ्या जगाला ठाऊक, म्हणून तो बरोबर. चोविसाव्या कागदावर एकोणीस सोडला तर एकोणातला एकही आकडा नव्हता. आणि घरातले आकडे लग्न झाल्यापासून कानडीतच चालत, नीलांबिकाबाईही बाजारात कानडीतच मोजत. त्या दोन दुपारीच तेवढं, भराभर वाचायचं म्हणून, त्या आपल्या बार्शीच्या मराठीवर आल्या होत्या.

तरी खात्री हवी होती. साडेपाचला ईश्वरप्पा मिलमधून आले, हातपाय धुतले, कपाळाला विभूती लावली आणि चहाला बसले. नीलांबिकाबाईंनी त्यांच्यापुढे कोरा कागद आणि टाक ठेवला.

"मी सांगते तेवढं लिहा."

"काय, धोब्याचं?"

"लिहा तर. सत्तावीस. एकोणसाठ. चव्वेचाळीस. एकोणऐंशी."

त्यांनी कागद आपल्याकडे वळवला. २७, ६९, ४४, ८९. अक्षर नेहमीसारखं, टाइपासारखं.

"हे शेवटचं काय लिहिलंत?"

"ऐंशीवर नऊ."

"एकोण म्हणजे एक कमी असतो. ऐंशीला एक कमी."

ईश्वरप्पा कागदाकडे बघत राहिले. चहावर साय धरली. नीलांबिकाबाईंनी पत्र आणि बाविसावा कागद शेजारी शेजारी ठेवला आणि काय काय झालं ते थोडक्यात सांगितलं. त्यांनी दोन्हींवरून बोट फिरवलं, सुतावरून फिरवतात तसं, गाठ लागेपर्यंत.

"मंग मिलमदली बावीस वर्सं?" त्यांनी हळूच विचारलं.

"तिथे तुम्ही यंत्रावर स्वतः वाचता. कुणी सांगतं का?"

"न्हाय. कुणी न्हाय सांगत."  मग त्यांची नजर पुन्हा पत्रावर गेली. "आणि हिनं मान्य बी केलं? एकदा विचारायचं न्हाय, अप्पा, तुमीच चुकला का म्हणून?"

"तुमचं अक्षर तिला छापल्यासारखं वाटतं," नीलांबिकाबाई म्हणाल्या.

 ईश्वरप्पांनी तार करू या असं सुचवलं, तार ऑफिस अजून उघडं असेल. नीलांबिकाबाईंनी विचार केला. पत्राला दोन दिवस लागणार, ते बादच. तार सकाळच्या आत पोचली असती. पण तारेत लिहायचं काय? चूक आमची, तुझी नाही? ते दाक्षायणी वाचेल, आईबापांनी मन राखायला लिहिलंय असं समजेल, आणि अकरा वाजता चिठ्ठी देऊन येईल. तारेला उलट विचारता येत नाही. आणि तार नाही म्हणणाऱ्याशी भांडू शकत नाही. हे भांडण समोरासमोर व्हायला हवं होतं, निदान कानात तरी.

नवी पेठेत मानसिंगशेठच्या कापडाच्या पेढीवर टेलिफोन होता. मुंबईचे बाजारभाव विचारायला त्यांचे रोज ट्रंक कॉल लागायचे. ईश्वरप्पांशी त्यांचा सुतावरून जुना परिचय. होस्टेलच्या बाईंच्या खोलीत टेलिफोन होता आणि त्याचा नंबर दाक्षायणीने पहिल्याच पत्रात, अगदीच कुणी आजारी वगैरे पडलं तर म्हणून, लिहून ठेवला होता. तीन वर्षांत तो कधी लावला नव्हता. दुकानात बसून, गिऱ्हाइकांच्या देखत, टेलिफोनात ओरडून बोलायचं, ही कल्पना एरवी नीलांबिकाबाईंना सोसली नसती.

त्यांनी लुगड्याच्या निऱ्या सारख्या केल्या, बाविसावा कागद पिशवीत घातला, वर चोविसावाही घातला. पोरीला आधी चोविसाव्याचं विचारायचं असं त्यांनी ठरवलं. तुटलेली वाट मध्येच सांधते कशी, ते सांग म्हणायचं. उत्तर आपण द्यायचं नाही, तिच्याकडूनच काढायचं, हौदाच्या गणितात काढायला हवं होतं तसं. मग बाकीच्या आठ मांडण्यांतले एकोणाचे आकडे तिने स्वतः एकेकाने खाली आणायचे आणि पहाटेपर्यंत चाळून बघायचे. बसल्या की अकरा वाजता सरांपुढे चिठ्ठी न्यायची नाही, कोष्टकं न्यायची. बसतील. याबद्दल नीलांबिकाबाईंना तिळमात्र शंका नव्हती. बाविसावी बसली होती.

ईश्वरप्पा रुमाल बांधून दारात उभे होते. "तिला सांग," ते म्हणाले, "अप्पा चुकला म्हणावं. सरळ सांग. आडपडदा नको."

"चूक दोघांची. मी वाचलं, तुम्ही लिहिलं."

"माझंच नाव घे," ईश्वरप्पा म्हणाले. "अप्पा चुकतो म्हटलं की पुढं बाकीच्यांचंबी तपासंल ती."

नीलांबिकाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. मग चपला पायात सरकवता सरकवता त्या तोंडातल्या तोंडात म्हणून बघू लागल्या. शून्य, तीन, एक, सात, नऊ. जोड्या नाहीत, एकोण नाही, एकेक आकडा सुटा. टेलिफोनात कितीही खरखर आली तरी सात हा सातच ऐकू येईल, आणि ती नाही म्हणाली तर दुसरा कॉल लावायचा. पेढी आठला बंद होत होती. त्यांनी कडी लावली आणि नवी पेठेच्या रस्त्याला लागल्या.